आखातात कामाला निघताय? कागद आधी, पैसा शेवटी

तूर घरात आली, कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडे ‘दुबईले माणसं पाहिजे’ ही चर्चा सुरू होते. कुणाच्या मावसभावाचा मित्र एजंट असतो, कुणी जिल्ह्याच्या गावी ट्रॅव्हल्सची पाटी लावून बसलेला असतो. सगळेच खोटे नसतात. पण खरा कोण आणि खोटा कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. कागदावरून कळतं, आणि तो कागद आता मोबाइलवर बसल्या जागी तपासता येतो.

दारव्हा, दिग्रस, मंगरूळपीर, आर्णी, मूल अशा विदर्भातल्या भागांत ज्या घरांतून आजवर कुणी परदेशात गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी वायरमनचा आयटीआय करून आधी कतारला आणि मग सौदीला काम केलं. परतल्यापासून ओळखीची पोरं आपापले कागद घेऊन येतात आणि आम्ही ते सोबत बसून वाचतो. ज्यांची फसवणूक झाली त्यांच्या कागदांत मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली: क्रम उलटा होता. आधी पैसे, मग पासपोर्ट एजंटच्या ताब्यात, मग मेडिकल, आणि करार विमानतळावर, तोही अरबीत. नियमाचा क्रम याच्या बरोबर उलट आहे. तो खाली पायरीपायरीने देतो. मधली पायरी कुणी गाळायला सांगितली, तर तिथंच थांबा.

१. पासपोर्ट: आधी नावाचा घोळ मिटवा

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, ती ऑनलाइनच भरायची. तत्काळ हवा असेल तर २,००० रुपये जास्तीचे. विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे, पण अपॉइंटमेंटसाठी दर वेळी नागपूर गाठायची गरज नाही. बऱ्याच जिल्ह्यांत मोठ्या पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज भरताना केंद्रांची यादी दिसते, त्यातलं जवळचं निवडा.

सोबत लागतं ते असं: आधार, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, आणि दहावी पास असाल तर दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र. सगळं मूळ आणि झेरॉक्स.

अडतं ते नावावर. शाळेच्या टीसीवर ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘ज्ञानेश्वरराव’, मतदान कार्डावर आडनाव आधी आणि बापाचं नाव गायब. जन्मतारखेचंही तेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिलेली १ जून टीसीवर असते आणि आधारवर भलतीच तारीख असते. हा फरक पासपोर्ट कार्यालयात एकदा अडतो, मेडिकलला पुन्हा अडतो आणि तिकडे ओळखपत्र काढताना तिसऱ्यांदा अडतो. म्हणून आधी एक कागद प्रमाण माना. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर तेच, नसेल तर टीसी. मग आधार केंद्रावर जाऊन आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि त्यानंतरच अर्ज भरा. सेतूवाल्याला भरायला दिला तरी पाठवण्याआधी स्पेलिंगचं एकेक अक्षर स्वतः पाहा.

आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, आडनावाच्या रकान्यात आडनाव, असं भरलं की बरं. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेशाला अडवायला सुरुवात केली, आणि बऱ्याच जणांना तेव्हा पासपोर्ट पुन्हा काढावा लागला.

पोलीस पडताळणीच्या दिवसांत गावातच राहा. ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कामाला गेलेल्या माणसाच्या घरी हवालदार येऊन परत गेला की अहवाल ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा जातो, आणि मग ते निस्तरायला फार वेळ जातो.

२. तुमचा पासपोर्ट ईसीआर आहे का?

ईसीआर म्हणजे कामासाठी जाताना सरकारची परवानगी लागणारा पासपोर्ट. दहावी पास नसलेल्यांना साधारणपणे हाच मिळतो, आणि पासपोर्टवर तसं छापलेलं असतं. दहावी पास, आयकर भरणारे, ५० वर्षांवरचे, तीन वर्षांहून जास्त परदेशात राहून आलेले अशांना ही अट नसते. दहावी पास असूनही ईसीआर लागला असेल तर प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढता येतो.

ही परवानगी १८ देशांसाठी लागते. त्यांत सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन हे आखाती देश आहेत. शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया वगैरे आहेत. याचा पाया १९८३ चा उत्प्रवास कायदा. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये मसुदा लोकांसमोर ठेवला आहे. पण नवा कायदा लागू होईपर्यंत जुनाच चालतो. ‘आता नियम बदलले, परवानगी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

ईसीआरचा शिक्का कमीपणाचा आहे असं पोरांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. या शिक्क्यामुळेच तुमचा करार, पगार आणि विमा निघण्याआधी सरकारच्या नोंदीत येतो. दहावी पास पोराला हे संरक्षण आपोआप मिळत नाही, म्हणून त्याने खालच्या पायऱ्या स्वतःहून पाळाव्यात.

घरकामासाठी जाणाऱ्या बहिणींसाठी नियम आणखी कडक आहेत. ईसीआर पासपोर्टवर ३० वर्षांखालील बाईला कामाची परवानगी मिळत नाही, आणि घरकामाची भरती सरकारी भरती संस्थांमार्फतच होते. खासगी एजंट ‘मावशी, मी पाठवतो ना’ म्हणत असेल तर तो नियमाबाहेर बोलतोय.

३. एजंटचा परवाना तपासा

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायचा अधिकार फक्त परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद असलेल्या भरती एजंटला आहे. त्यासाठी त्याला सरकारकडे बँक हमी द्यावी लागते. कायद्यात सब-एजंट नावाची सोय नाही. गावातला मध्यस्थ ‘मी अमक्या मोठ्या ऑफिसचा माणूस’ म्हणत असेल, तर त्या मोठ्या ऑफिसचा परवाना क्रमांक मागा.

क्रमांक मिळाला की मोबाइलवर ईमायग्रेट डॉट जीओव्ही डॉट इन हे परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडा. तिथं नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नाव, पत्ता, परवाना चालू आहे की निलंबित, सगळं दिसतं. बेकायदा एजंटांचीही यादी तिथं आहे, तीही चाळा. मग यादीत दिलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारा, ‘अमका माणूस तुमचा आहे का, आणि अमक्या कंपनीची मागणी तुमच्याकडे आहे का?’ मध्यस्थाने दिलेल्या नंबरवर लावू नका, तिथं त्याचाच माणूस बोलतो.

‘भाऊ, पासपोर्ट दे, बाकी सारं माह्यावर सोड’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. या टप्प्यावर पासपोर्टची झेरॉक्स द्यायची. मूळ पासपोर्ट नाही.

इथं थोडं मालकांसाठीही. आपल्या भागातलेच काही जण तिकडे वर्कशॉप, हॉटेल किंवा छोटी ठेकेदारी चालवतात आणि गावची पोरं न्यावी असं त्यांना वाटतं. भावना चांगली आहे, पण नातं आहे म्हणून कागद सुटत नाहीत. ईसीआर पासपोर्टवरच्या माणसाला न्यायचं तर परदेशी मालक म्हणून ईमायग्रेटवर नोंदणी करा. मागणी आणि कराराचा नमुना तिथं टाका, मग थेट किंवा नोंदणीकृत एजंटामार्फत माणूस न्या. ओळखीच्या पोराला व्हिजिट व्हिसावर बोलावून कामाला लावलं तर तुमची कंपनीही अडचणीत येते आणि तो पोरगाही.

४. करार हातात घ्या आणि समजेपर्यंत वाचा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. करार म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला एका ओळीचा मेसेज नाही. त्यावर कंपनीचं नाव आणि पत्ता असतो, तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे असतं, सही-शिक्का असतो. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या सरांकडे किंवा तहसीलजवळच्या वकिलाकडे न्या. हे मुद्दे बोट ठेवून पाहा:

कामाचं नाव. ‘हेल्पर’, ‘इलेक्ट्रिशियन’, ‘हाऊस ड्रायव्हर’, ‘फार्म वर्कर’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ड्रायव्हर म्हणून नेऊन मजऱ्यावर, म्हणजे वाळवंटातल्या शेतावर, शेळ्या-उंटांमागे लावल्याच्या तक्रारी कायम येतात. घरगुती कामगाराच्या व्हिसावर गेलेल्याला बऱ्याच देशांत कंपनी कामगाराचे कायदे पूर्ण लागू होत नाहीत.

मूळ पगार. एजंट तोंडी सांगतो तो आकडा ओव्हरटाइम, जेवण, सगळं धरून असतो. करारात मूळ पगार किती तेच पाहा, कारण ओव्हरटाइमचा दर आणि सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच निघते. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार १,००० रियाल आहे. कंपनी राहायला देत नसेल तर ५०० आणि जेवण देत नसेल तर ३०० रियाल वेगळे. कतारचा करार याहून कमी दाखवत असेल तर तो तिथल्या कायद्यातच बसत नाही.

तास आणि सुट्टी. सौदी आणि अमिरातीत आठवड्याला ४८ तास ही साधारण मर्यादा. त्यापुढे ओव्हरटाइम.

राहणं, जेवण, औषधपाणी, येण्याजाण्याचं तिकीट: कोण देणार? सौदीच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे भरतीचा खर्च, अकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, आणि काम संपल्यावर परतीचं तिकीट हे मालकावर आहे. अमिरातीच्या कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. ‘अकाम्याचे पैसे पगारातून कापू’ असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

करार किती वर्षांचा आणि आधी सोडला तर काय, हेही पाहा. आणि हिशेब इथंच, घरी बसून करा. पगारातून जेवण-मोबाइल वजा करून महिन्याला किती पाठवाल? कर्ज काढून जाणार असाल तर बचत गटाचा किंवा सावकाराचा हप्ता किती? दोन वर्षांनी हाती काय उरतं? शेत गहाण ठेवून जाऊ नका, असं मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो. नियमाप्रमाणे गेलात तर इतका खर्च येतच नाही की शेत गहाण टाकावं.

५. मेडिकल आणि कामाची परीक्षा

करार पक्का झाल्यावरच मेडिकल. सौदी, अमिरात, कुवेत, ओमान, बहारीनसाठी वाफिद नावाच्या व्यवस्थेतून ऑनलाइन स्लिप निघते आणि केंद्र ठरतं. जुने लोक याला अजून गामकाच म्हणतात. कतारचं वेगळं आहे. मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत कतार व्हिसा सेंटर आहेत. तिथंच मेडिकल होते, बोटांचे ठसे घेतात आणि करारावर सही करायची असते. सही करण्याआधी हिंदीत करार मागा आणि घरी वाचलेल्या कराराशी आकडे जुळवा. जुळत नसतील तर सही न करता बाहेर या. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात तरी तिकिटाचेच पैसे जातील.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी. ज्यांना पूर्वी टीबी झाला होता आणि उपचार पूर्ण झालेत, त्यांच्या एक्स-रेत जुना डाग दिसला तरी ‘अनफिट’ येऊ शकतं. म्हणून आधी इथंच, सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना विचारा, मग पुढचा खर्च करा. दुसरं सिकलसेल. पूर्व विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे. उन्हात पाणी कमी पडलं की त्याचा त्रास उसळतो. रक्त तपासलेलं नसेल तर तपासून घ्या. पॉझिटिव्ह असाल तर उघड्यावरच्या कामाचा करार घेऊ नका.

सौदीला इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी तकामोल नावाची कौशल्य परीक्षा इथंच द्यावी लागते. आयटीआय केलेल्याला ती जड जात नाही, पण हात सुटला असेल तर आधी थोडा सराव करून जा.

६. व्हिसा आला: आता तो वाचा

व्हिसाचा कागद आला की तीन गोष्टी पाहा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे का? प्रकार कामाचा आहे की भेटीचा? आणि कामाचं नाव करारातलंच आहे का? प्रत्येक आखाती देशाच्या सरकारी संकेतस्थळावर व्हिसा क्रमांक टाकून खरा-खोटा तपासता येतो. इंटरनेट कॅफेवाल्या पोरालाही ते करता येतं. फोटोशॉप केलेले व्हिसे मी पाहिले आहेत. डोळ्यांनी ते ओळखू येत नाहीत, सरकारी संकेतस्थळावर मात्र सापडत नाहीत.

दोन सापळे नीट समजून घ्या.

पहिला, व्हिजिट व्हिसा. ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो.’ फिरायला जाणाऱ्याला ईसीआरची परवानगी लागत नाही, म्हणून एजंटला हा रस्ता सोपा पडतो. पण व्हिजिटवर काम करणं तिकडे गुन्हा आहे. पगार बुडाला तरी तक्रार करायला कागद नसतो, मुदत संपली की रोजचा दंड चढतो. थायलंडचंही तसंच. भारतीयांना तिथं फिरायला व्हिसाशिवाय जाता येतं, याचा फायदा घेऊन ‘डेटा एंट्रीची नोकरी’ म्हणून पोरांना बँकॉकला नेतात आणि तिथून म्यानमार-कंबोडियाकडच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. बारावी शिकलेल्या, संगणक येणाऱ्या पोरांना हे खास सांगा.

दुसरा, आझाद व्हिसा. एजंट म्हणतो, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो तिकडचा मालक, फक्त नावाला, काम कुठंही करा. असा कुठलाही व्हिसा कायद्यात नाही. तुम्ही ज्याच्या नावावर गेलात त्याच्याऐवजी दुसरीकडे काम करताना सापडलात तर तुम्हीच दोषी. वर तो कफील दर वर्षी पैसे मागतो, आणि नाही दिले तर तुम्ही पळून गेल्याची, म्हणजे हुरूबची नोंद करतो.

७. ईमायग्रेटची परवानगी, विमा आणि एक दिवसाचं प्रशिक्षण

ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी एजंट ईमायग्रेटवर अर्ज करतो. करार, व्हिसा आणि विमा जोडून उत्प्रवासी संरक्षकाची, म्हणजे ही परवानगी देणाऱ्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्याची, मंजुरी मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं काम मुंबईच्या कार्यालयातून होतं. मंजुरी ऑनलाइन असते, तिची छापील प्रत मागून घ्या. तिच्यावर लिहिलेला पगार आणि काम कराराशी जुळलं पाहिजे.

विम्याचं नाव प्रवासी भारतीय बीमा योजना. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. हप्ता इतका कमी आहे की लोक त्याकडे लक्षच देत नाहीत, आणि विम्याचा कागद एजंटच्या फायलीतच राहतो. घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसेल तर दावा कोण करणार? वारसाचं नाव बरोबर लिहिलंय का पाहा आणि पॉलिसीची प्रत बायकोकडे किंवा आईकडे द्या.

निघण्यापूर्वीचं एक दिवसाचं प्रशिक्षण मोफत असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते टाळू नये. तिथले कायदे, पैसे पाठवण्याची रीत, मदतीचे नंबर एकाच दिवशी कळतात.

८. आता पैसे

परवानाधारक एजंट कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यायला तो बांधील आहे. आपल्याकडे बिनदिक्कत लाख-दीड लाख मागतात. ‘तिकीट, व्हिसा, मेडिकल धरून’ असं सांगतात. प्रत्येक खर्च वेगळा लिहून मागा. करारात तिकीट मालकाचं असेल तर तिकिटाचे पैसे कशाचे?

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, आणि कंपनीच्या खात्यावर. एखाद्याच्या मेहुण्याच्या खात्यावर नाही. रोख द्यावीच लागली तर पावतीशिवाय नाही. एजंट म्हणेल, ‘पावती देऊ, पण पाच हजाराची.’ त्या पावतीवर तुमचे बाकीचे पैसे कायद्याच्या नजरेत दिलेच गेले नाहीत. टोकन मागत असेल तर करार आणि परवाना दोन्ही तपासून झाल्यावर थोडं द्या. उरलेले मंजुरीची प्रत हातात आल्यावर.

९. निघण्याआधी घरचं आणि बॅग

आधारशी आणि बँकेशी जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा, तिकडे ओटीपी त्यावरच येतो. रेशन कार्डाची ई-केवायसी अंगठा लावून करून जा. शेताची कामं, पीककर्ज, विमा यासाठी घरच्या भरवशाच्या माणसाला मुखत्यारपत्र देऊन ठेवा. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करावं लागतं, बँकेत तसं सांगा. घरी पाठवायच्या पैशासाठी एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईचं खातं उघडा.

बॅग भरताना आईचं प्रेम आवरावं लागतं. खसखस अमिरात आणि सौदीत अंमली पदार्थ मानली जाते आणि त्यासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत. दिवाळीनंतर निघत असाल तर अनारसे घरीच खाऊन जा, त्यांना खसखस लागलेली असते. खर्रा, गुटखा, तंबाखूच्या पुड्या नेऊ नका. बहुतेक आखाती देशांत यावर बंदी आहे, आणि कामावर खर्रा खाऊन थुंकणाऱ्याला दंड बसतो. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत. ट्रामाडोल आणि कोडीनचं खोकल्याचं औषध चिठ्ठी असली तरी अडचणीत आणतं, पर्याय विचारून घ्या. दुसऱ्या कुणाचं पार्सल घेऊ नका, तो शेजारी असला तरी.

१०. पोचल्यावर पहिले दिवस

पासपोर्ट नोंदणीसाठी मागितला तर द्या, पण काम झाल्यावर परत मागा. तो मालकाने दाबून ठेवणं सौदी, अमिरात, कतार तिन्हीकडे बेकायदा आहे. अकामा किंवा तिथलं ओळखपत्र हातात आल्याशिवाय फार हिंडू नका. पगार बँकेत येतोय का पाहा आणि पगाराचा मेसेज दर महिन्याला जपून ठेवा. अमिरात, कतारसारख्या देशांत पगार सरकारच्या नोंदीतून जातो, त्यामुळे बुडाला तर तक्रारीला तोच आधार ठरतो.

चंद्रपूरचं ऊन सोसलेल्यालाही तिकडचा दमट उन्हाळा वेगळा वाटतो. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे: सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३, अमिरातीत त्याच तारखांना साडेबारा ते ३, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते साडेतीन. ही सुट्टी मागताना लाजू नका, ती तुमची आहे.

नोकरी बदलायची असेल तर रीतसर बदला. कतारमध्ये २०२० पासून मालकाच्या एनओसीशिवाय बदलता येते, पण नोटीस देऊन, सरकारी व्यवस्थेतून. खोली सोडून गुपचूप निघून जाणं म्हणजे हुरूब ओढवून घेणं.

११. ‘नियम बदलले’ अशी बातमी आली की

जुलै २०२५ मध्ये गावागावांतल्या ग्रुपवर फिरलं की सुमारे २३ लाख रुपये भरा आणि दुबईचा आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा मिळवा. काही दिवसांतच अमिरातीच्या सरकारी यंत्रणेने हे खोटं असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने शिकलेल्या, कुशल लोकांना नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा पहिल्या दिवशी सगळीकडे ‘दर वर्षी भरावे लागणार, आधीच्यांनाही’ असं चाललं. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ते फक्त नव्या अर्जांसाठी आणि एकदाच आहे. ज्यांची पोरं तिकडे आहेत त्या आईबापांची ती रात्र कशी गेली असेल.

बातमी वाचली की तीन प्रश्न विचारा. कोणत्या देशाच्या कोणत्या खात्याने हे जाहीर केलं? कोणत्या तारखेपासून लागू? नव्यांना की आधीपासून असलेल्यांना? या तिन्हींची उत्तरं त्या देशाच्या सरकारी पानावर किंवा भारतीय दूतावासाच्या पानावर सापडत नाहीत तोवर पैसे हलवू नका, राजीनामा देऊ नका, तिकीट रद्द करू नका. ‘उद्यापासून बंद होणार, आजच भरा’ असं एजंट म्हणाला तर एक दिवस थांबाच.

१२. अडचण आलीच तर

इथं फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली फसवणुकीची तक्रार द्या आणि त्यात उत्प्रवास कायद्याचाही उल्लेख करा. विनापरवाना भरतीला त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तीच तक्रार ईमायग्रेटवर आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकाकडेही करा. गावात बोभाटा होईल म्हणून गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात की तोच माणूस पुढच्या गावात जातो.

तिकडे अडकला असाल तर दूतावास किंवा वाणिज्य दूतावासात कामगार विभाग असतो. तिथं हिंदीत बोलता येतं. परतीचं तिकीट, तात्पुरतं राहणं, कायदेशीर मदत यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. देशातून विचारायचं तर परराष्ट्र मंत्रालयाची टोल फ्री लाइन १८००११३०९० आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्याच मदद पोर्टलवर घरच्या माणसालाही तक्रार टाकता येते. त्यासाठी घरच्या पेटीत ही फाइल हवी: पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसा, सही केलेला करार, ईमायग्रेट मंजुरी, विम्याची पॉलिसी, एजंटच्या पावत्या आणि परवाना क्रमांक, कंपनीचा पत्ता, आणि तिकडे तुमच्यासोबत राहणाऱ्या एखाद्या माणसाचा नंबर. या सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्यांना एकदा उघडून दाखवा.